तात्यांना येणारे दोन जपानी शब्द

आमच्या भावकीत एक तात्या होते. सातारा जिल्ह्यातलं गाव, आणि अख्खं गाव त्यांना 'जपानी तात्या' म्हणायचं. का म्हणतात हे मला कळायला बारावी उजाडली, तोवर मला वाटायचं डोळे बारीक आहेत म्हणून असेल. एकदा गणपतीत गावी गेलेलो, ते ओट्यावर तंबाखू मळत बसलेले, सहज विचारलं तर म्हणाले, "आरं म्या जपानात व्हतो की, वरीसभर." मी हसलो. मला वाटलं फेकतायत. म्हणजे सातारचा माणूस, बेळगावला ट्रेनिंग झालेलं, तो इटलीत लढला हे एकवेळ माहिती होतं, पण जपानात? आणि तेही युद्ध संपल्यावर? कशाला?

याचं उत्तर मला नीट मिळालं ते खूप वर्षांनी, मी स्वतः नोकरीनिमित्त टोकियोला येऊन पडल्यावर. तोवर तात्या गेलेले. म्हणजे नेहमीप्रमाणेच, विचारायचे प्रश्न सुचले तेव्हा ज्यांना विचारायचं तेच नाहीत.

तर झालं होतं असं. जपान हरला, २ सप्टेंबर १९४५ ला शरणागतीवर सह्या झाल्या आणि देश दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात गेला. आपल्या डोक्यात या ताब्याचं चित्र म्हणजे अमेरिकन जनरल मॅकआर्थर, त्याचा तो कणसाचा पाइप आणि अमेरिकन सैनिक. पण जपानच्या पश्चिमेचा एक मोठा पट्टा, हिरोशिमा, ओकायामा, शिमाने, तोत्तोरी, यामागुची आणि अख्खं शिकोकू बेट, इथे ब्रिटिश राष्ट्रकुलाची फौज होती. ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडवाले, ब्रिटिश आणि आपले. आपल्यातली २६८ वी ब्रिगेड, तिचे ब्रिगेडियर थिमय्या (हो तेच, पुढे लष्करप्रमुख झालेले), आणि त्या ब्रिगेडमधल्या तीन पलटणींपैकी एक पंजाबी, एक गुरखा आणि एक आपली, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. याच पलटणीच्या नामदेव जाधवांना इटलीत सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे एका वर्षी इटलीत जर्मनांशी लढाई आणि पुढच्या वर्षी कुरेच्या बंदरात उतरून जपानवर पहारा. कुरे म्हणजे जिथे यामातो ही महाकाय युद्धनौका बांधली गेली ते बंदर, आणि तिथून हिरोशिमा अगदी जवळ.

आता खरी गंमत सांगतो. गंमत म्हणजे तशी गंमत नाहीये.

तात्यांना इटालियन बऱ्यापैकी यायचं. बऱ्यापैकी म्हणजे वीस-पंचवीस शब्द. बोंजोर्नो, ग्रात्सिए, पाने (म्हणजे भाकरी), आक्वा (पाणी), वीनो तर यायचंच, मामा (आई), बाम्बीनो (मूल). एका म्हातारीचं घर दुरुस्त करून दिलं आणि तिने चुलीवर काहीतरी शिजवून घातलं हे ते पन्नास वेळा सांगायचे, दरवेळी पदार्थ बदलायचा. पण जपानीचं विचारलं तर फक्त दोन शब्द. "दामे" आणि "हायाकू".

मला तेव्हा अर्थ माहिती नव्हता आणि तात्याही नीट सांगायचे नाहीत, "आसंच, बोलायचं" म्हणायचे. इथे आल्यावर जपानी शिकायला लागलो आणि पहिल्या महिन्यातच दोन्ही शब्द पुस्तकात आले. दामे म्हणजे नाही, चालणार नाही, मनाई. हायाकू म्हणजे लवकर, चल आटप.

वर्षभर एका देशात राहून माणसाकडे उरलं काय, तर हे दोन शब्द. भाकरी नाही, पाणी नाही, आई नाही, मूल नाही.

याला तात्या माणूसघाणे होते हे कारण नाही, इटलीत तर नव्हतेच. कारण तशी ऑर्डर होती. राष्ट्रकुलाच्या फौजेचे पहिले प्रमुख जनरल नॉर्थकॉट यांनी सैनिकांसाठी काढलेल्या सूचनेत अगदी स्पष्ट लिहिलं होतं की जपान्यांशी औपचारिक आणि नीट वागा, त्यांच्या घरात शिरू नका, त्यांच्या कौटुंबिक आयुष्यात भाग घेऊ नका, कामाव्यतिरिक्त संबंध कमीत कमी ठेवा. अमेरिकन त्या मानाने ढिले होते, यांचं जास्त कडक. तात्यांच्या भाषेत, "दुकानात न्हाई, घरात न्हाई, हाटेलात न्हाई, नुसतं हुबं ऱ्हायाचं." ऑस्ट्रेलियन सैनिकांना तर जपानी मुलीशी लग्न करून तिला घरी न्यायची परवानगी मिळायला १९५२ साल उजाडलं.

मला पूर्वी वाटायचं की जेते आणि हरलेले यांच्यातली दरी आपोआप पडते, भाषा वेगळी, मनात राग, वगैरे. आता वाटतं की ती बऱ्यापैकी बांधावी लागते, त्याला खर्च येतो, माणसं लागतात, आणि टाइमटेबल लागतं.

टाइमटेबल का म्हणालो ते सांगतो. आमच्या भागात (निशी-कासाई, टोकियोतली आपल्या लोकांची वस्ती, जिथे आता इडली-वड्यापासून पोह्यांपर्यंत सगळं मिळतं) महापालिकेच्या एका हॉलमध्ये परदेशी लोकांना जपानी शिकवायचा क्लास चालतो, शिकवणारे सगळे रिटायर्ड आजी-आजोबा, फुकट शिकवतात. तिथे मला एक सेन्सेई, म्हणजे गुरुजी, मिळाले, तेव्हा वय पंच्याहत्तरच्या पुढे, मूळचे शिमानेतल्या एका छोट्या गावचे. कोर्सच्या पुस्तकात 'ट्रेनने प्रवास' असा धडा होता, तिकीट कसं काढायचं, गाडी किती वाजता आहे, आणि सेन्सेई मधेच थांबले आणि म्हणाले की मी लहान असताना गाड्यांना एक पांढरा पट्टा असलेला डबा असायचा. फक्त फौजेच्या लोकांसाठी. आमचे डबे इतके भरलेले की माणसं खिडकीतून आत शिरायची, काचा फुटलेल्या, तिथे फळ्या ठोकलेल्या, आणि शेजारीच हा डबा, गाद्यांचा, दिवे लावलेला, आत चार-पाच जण. त्या डब्यातल्या माणसाला जपान कसा दिसला असेल? मला वाटतं छान दिसला असेल. शेतं, डोंगर, स्टेशनवर वाकून नमस्कार करणारी माणसं.

सगळ्यात वरचा माणूसही तसाच. मॅकआर्थर साडेपाच वर्षांच्या वर जपानचा सर्वेसर्वा होता आणि त्याचा दिनक्रम म्हणजे अमेरिकन दूतावासातलं घर ते राजवाड्यासमोरची दाई-इची विमा कंपनीची इमारत, सकाळी जायचं, दुपारी जेवायला घरी, परत ऑफिस, रात्री घरी. देश फिरून बघायच्या, लोकांत बसायच्या भानगडीत तो पडलाच नाही. त्याला गाडीत बसताना बघायला रोज गर्दी व्हायची म्हणे. लोकांनी त्याला पत्रं लिहिली, थोडीथोडकी नाही, लाखांत. कोणी तक्रार केली, कोणी आभार मानले, कोणी भेटवस्तू पाठवल्या. म्हणजे एका बाजूने लाखो पत्रं आणि दुसऱ्या बाजूने गाडीची काच.

आणि हे जे काचेच्या आतले लोक असतात ना, त्यांना आपण काय बोलतोय हेही कधीकधी कळत नाही. माझं सगळ्यात 'आवडतं' उदाहरण राज्यघटनेचं आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकन ऑफिसातल्या दोन डझनभर लोकांनी आठवड्याभरात जपानची नवीन घटना इंग्रजीत लिहून काढली. १३ तारखेला त्या ऑफिसचा प्रमुख जनरल व्हिटनी तो मसुदा घेऊन परराष्ट्रमंत्र्यांच्या बंगल्यावर गेला, जपानी मंत्र्यांना म्हणाला वाचा, आणि स्वतः बाहेर बागेत जाऊन बसला. वरून एक अमेरिकन बॉम्बर विमान घरघरत गेलं. थोड्या वेळाने एक जपानी अधिकारी बोलवायला आला तेव्हा व्हिटनी त्याला म्हणाला की आम्ही तुमच्या अणूच्या उन्हात शेकत बसलो होतो. हिरोशिमाला तेव्हा सहा महिने झाले होते. ही गोष्ट जपान्यांनी चिडून सांगितलेली नाहीये, अमेरिकनांनीच मोठ्या कौतुकाने लिहून ठेवलीय, काय टोला हाणला म्हणून!

(मसुदा लिहिणाऱ्यांत एक अपवाद होता हेही सांगायला पाहिजे. बेआते सिरोता, वय वर्षं २२, लहानपणची दहा वर्षं टोकियोत गेलेली, अस्खलित जपानी बोलणारी. मसुदा लिहायचा म्हटल्यावर ती जीप घेऊन टोकियोतल्या लायब्रऱ्या फिरली आणि वेगवेगळ्या देशांच्या घटना गोळा करून आणल्या. जपानी बायकांना लग्नात काय काय सोसावं लागतं हे तिने घरात राहून पाहिलेलं, आणि लग्न दोघांच्या संमतीनेच आणि नवरा-बायकोचे हक्क समान हे कलम २४ तिच्या हातून आलं. बाकीच्यांतल्या फार थोड्यांना तो देश असा आतून माहिती होता.)

आता खालची बाजू बघा. खालच्यांना वरचे फार पटकन कळतात, कळावेच लागतात, पोटाचा प्रश्न असतो. शरणागतीनंतर दोन महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १९४५ मध्येच, इंग्रजी संभाषणाची एक ३२ पानी पुस्तिका बाजारात आली आणि वर्षअखेरपर्यंत तिच्या ३६ लाख प्रती खपल्या. ३६ लाख! आणि तात्यांकडे दोन शब्द. सेन्सेईंच्या घरी पण ती पुस्तिका होती, मोठ्या भावाने आणलेली, सगळे भाऊबहीण पाठ करायचे.

मी त्यांना विचारलं की सैनिकांची भीती वाटायची का. ते म्हणाले भीती आधी वाटली, मग भूक लागली. रेशनवर जे मिळायचं त्यात जगणं शक्य नव्हतं, सगळे काळ्या बाजारातून घ्यायचे, घेतलं नाही तर मरायचे, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाहीये. यामागुची नावाचे एक न्यायाधीश होते टोकियोत, काळ्या बाजाराच्या केसेस त्यांच्यापुढे चालायच्या, लोकांना शिक्षा करायची आणि स्वतः तेच धान्य खायचं हे त्यांना पटेना म्हणून ते फक्त रेशनवर राहिले आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये उपासमारीने गेले. अमेरिकेने धान्य पाठवलं हे खरं, पण गव्हाचं पीठ, मका, दुधाची पावडर असं, आणि भात खाणाऱ्याने मक्याच्या पिठाचं करायचं काय? हे वाचताना मला आईने सांगितलेली ७२ च्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी आठवली. ती पण अमेरिकेची. देणाऱ्याला वाटायचं आपण जगवलं, आणि जगवलंही, पण खाणारे आजही नाव काढलं की तोंड वाकडं करतात. दोन्ही खरं आहे.

बोलायचीही सोय नव्हती. लोकशाही शिकवायला आलेल्यांनी सेन्सॉर बसवला होता आणि सेन्सॉर आहे हे छापायलाही बंदी होती. फौजेतल्या कोणी गुन्हा केला तर पेपरात 'अमेरिकन सैनिक' लिहिता यायचं नाही, म्हणून म्हणे बातमीत लिहायचे की चोर अंगाने खूप उंच होते. वाचणारा समजून जायचा. आपल्याकडे आणीबाणीत पेपरवाल्यांनी कोऱ्या जागा सोडल्या होत्या त्याच जातीतलं हे.

आता मूळ मुद्दा, जो मला बरीच वर्षं छळतोय. तात्या.

तात्या जेते होते का? कागदावर हो. युनिफॉर्म, बंदूक, पहारा. पण पलटण जपानला जायच्या सुमारास देशात काय चाललं होतं? फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलाच्या खलाशांनी उठाव केला, रस्त्यावर गोळीबार झाला. त्याच्या आधी लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला, आणि ती सेना तर जपान्यांच्याच बाजूने लढलेली. म्हणजे स्वतःचा देश ताब्यात ठेवणाऱ्याच्या वतीने हा माणूस दुसऱ्याचा देश ताब्यात ठेवायला गेला. पुण्यात आपण अजूनही 'कॅम्पात जाऊन येतो' म्हणतो, 'लष्कर भागात' म्हणतो, आणि ते लष्कर कुणाचं होतं हे विसरून गेलोय. १८१७ ची खडकीची लढाई, पेशवाई बुडाली, आणि शहराच्या बाजूला साहेबांचं एक वेगळं गाव उभं राहिलं, रुंद रस्ते, बंगले, क्लब, चर्च, स्वतःची बेकरी, स्वतःचा बाजार. गावातला माणूस तिथे जायचा तो माळी, खानसामा, धोबी म्हणून. टोकियोत योयोगीला अमेरिकन अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी वॉशिंग्टन हाइट्स नावाची वसाहत उभी राहिली, तीही अशीच, हिरवळ, शाळा, थिएटर, आणि बाहेर अर्धपोटी शहर. फोटो बघितले तेव्हा मला ओळखीचं वाटलं ते याचमुळे.

मग तात्यांना नसेल का वाटलं काही? मी आठवून आठवून बघतो. एकदाच म्हणाले होते, "लई गरीब मानसं रं. गप आसायची. कायबी सांगा, हासून हाय हाय करायची." हा 'हाय' म्हणजे जपानीतला 'हो'. तात्यांच्या लेखी जपानी माणूस म्हणजे शांत, हसरा, सांगितलेलं ऐकणारा. मी हे सेन्सेईंना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, आई सांगायची, बंदूकवाला दिसला की हसायचं आणि हाय म्हणायचं, मग कळो ना कळो.

शिमानेत भारतीय सैनिक होते हे त्यांना आठवत होतं. "इंदो नो हेइताई-सान," भारतातले शिपाईदादा. त्यांच्या गावाजवळच्या शाळेत छावणी पडलेली. संध्याकाळी तारेच्या कुंपणाच्या आतून तव्यावर काहीतरी भाजल्याचा आणि तूप जळल्यासारखा वास यायचा आणि ही सगळी पोरं कुंपणाला चिकटून उभी राहायची. एकाने एकदा कुंपणातून काहीतरी दिलं, चपटं, गरम, ते सातजणांत वाटून खाल्लं, नियम काहीही असोत. पण बहुतेक वेळा ते सैनिक ओरडायचे, आणि काय ओरडायचे तेही सेन्सेईंच्या लक्षात होतं, कारण पोरांनी त्याचा खेळच केला होता. म्हणाले, ते म्हणायचे, "पारा पारा!"

जपानीत पारापारा म्हणजे विखुरल्यासारखं, तुरळक, पाऊस पारापारा पडतो असं म्हणतात. पोरांना वाटायचं या परक्या माणसांना आपली भाषा येते आणि ते गमतीने आपल्याला पावसाचे थेंब म्हणतायत. मग पोरं लांब पांगायची आणि परत यायची, परत "पारा पारा", परत पांगायची. पुढे छावणी उठली, १९४७ मध्येच आपले लोक परत गेले, पण खेळ राहिला. एकाने शिपाई व्हायचं आणि बाकीच्यांनी थेंब.

मला कळायला अर्धा मिनिट लागला. त्या भागात पंजाबी होते, गुरखेही होते, पण हा शब्द त्यांचा असूच शकत नाही. जपान्यांना ळ म्हणता येत नाही, त्यांच्या तोंडी त्याचा र होतो. पळा. पळा पळा.

सांगावं की नाही कळेना. त्यांच्या चेहऱ्यावर ते पोरगं दिसत होतं. पण मी सांगितलं, की ती माझी भाषा आहे, आणि त्याचा अर्थ 'निघा इथून' असा होतो. "दामे, हायाकू" सारखं. सेन्सेई माझ्याकडे बघत राहिले, आणि मग एवढे हसले की शेजारच्या टेबलावरची व्हिएतनामी मुलगी वही सोडून बघायला लागली. म्हणाले, म्हणजे सत्तर वर्षं आम्ही एकमेकांना हाकलतच होतो की.

मग विचारलं, तुमचे लोक तिथे का आले होते? सहज, काही ठेवून नाही. मी जनरल, ब्रिगेड, राष्ट्रकुल असं माझ्या मोडक्या जपानीत सुरू केलं आणि दोन वाक्यांत अडकलो, कारण 'का'चं उत्तर त्यात नव्हतंच. तात्यांनी दिलं असतं तर एका शब्दात दिलं असतं, "आर्डर व्हती."

त्यांनी वहीत काताकाना लिपीत 'पळा' लिहून घेतलं आणि माझ्याकडून ळ म्हणायचा प्रयत्न करत राहिले. जीभ मागे न्या, वर टेकवा, सोडा. पारा. पाला. पाडा. दहा मिनिटं झाली, क्लास संपायची वेळ झाली, हॉलचा माणूस खुर्च्या गोळा करायला लागला आणि आम्ही दोघं अजून पारा, पाला, पाडा.